कारखान्याचा दसरा

आमच्या भावकीत कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. बीएस्सी, केमिस्ट्री. नगरला एसटीनं जाऊन-येऊन केली. डिग्रीचा कागद फ्रेम करून भिंतीला लावलाय आणि घरी कुणी आलं की मी नेमकी त्याच्याखालीच बसते. यात लाजायचं काय? आई आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, यांनी उसाच्या मोळ्या बांधून मला शिकवलं. तो ऊस कुणाकुणाच्या चहात गोड झाला. आमच्या वाट्याला हा कागद आला, तो आम्ही मिरवणार.

मिरजगाव ओलांडलं की हायवेला लागून एक पत्र्याचं मोठं शेड आहे. तिथं केसांचं सिरम, अंगाचं लोशन, हातापायांची मलमं असा माल होतो आणि नगर, बारामती, करमाळ्याच्या ब्युटी पार्लरांत जातो. मी तिथं केमिस्ट आहे. आई त्याच शेडमध्ये बाटल्या भरायला होती. लोकांना वाटतं लेकीनं आईला कामाला चिकटवलं. तसं नाही, आधी आई लागली. मी शेवटच्या वर्षाला असताना तिनंच मालकाला ऐकवलं होतं, "माझी पोरगी हेच शिकती, तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवा." मालकानं ठेवली.

आई कारखान्यात लागली त्या साली तिनं कोयता ठेवला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीला नवरा-बायको जोडीनं जातात, त्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. आई जाईना म्हटल्यावर अण्णा एकटे जायला लागले, अर्धा कोयता म्हणून. दर हंगामाला टोळीचा मुकादम आईला विचारायचा आणि दर हंगामाला आई म्हणायची, "मी आता कंपनीत हाय." तिच्या कमरेचे मणके झिजलेत, डॉक्टरनं मोळी उचलायला बंदी केलीय. तरी तिला सर्वांत जास्त काय आवडायचं, तर हे वाक्य मुकादमाला ऐकवायला.

माझं खरं काम शेडच्या मागं. तिथं सांडपाणी साफ करायच्या सिमेंटच्या टाक्या आहेत. कागदावर त्याला इटीपी म्हणतात, बायका नुसतं टाकी म्हणतात. कढया आणि मिक्सर धुतलेलं पाणी आधी एका खड्ड्यात येतं. तिथं वर तरंगणारं तेल अडतं, ते मी झाऱ्यानं काढून घेते. मग पाणी मोठ्या टाकीत जातं. त्या टाकीत खालून ब्लोअरनं हवा सोडलेली असते, रटरट बुडबुडे चालू. आणि त्या पाण्यात जीव असतात, डोळ्यांना न दिसणारे. त्यांचा सगळ्यांचा मिळून एक तपकिरी गाळ होतो. पाण्यात आलेलं तेल, साबण, जे काय खाण्यासारखं असेल ते हे जीव खातात आणि पाणी मोकळं करून पुढं देतात. टाकी सुरू केली तेव्हा मी शेणकाला आणि गूळ घालून त्यांना वाढवलं होतं. रोज सकाळी काचेच्या उंच नळीत टाकीतलं पाणी भरून ठेवायचं आणि चहा पिऊन यायचं. तेवढ्यात गाळ तळाला बसून वर नितळ पाणी आलं की समजायचं टाकी ठणठणीत आहे.

पॅकिंगला एक मावशी आहेत, सगळ्यांत जुन्या आणि तोंडानं सगळ्यांत तिखट. मी गुळाची बादली घेऊन निघाले की त्या ठरलेलं विचारायच्या.

"ओ केमिस्टबाई, जनावरांची वैरण झाली का?"

"निघालेच टाकायला, मावशी."

"इतकं खात्यात, मग दूध कधी द्यायची?"

"पाणी देत्यात की. आपल्या मुलखात तेच दूध."

"मग धार काढायला मालकालाच बसवा," मावशी म्हणायच्या, आणि अख्खं पॅकिंग खिदळायचं.

आता तेलाचं सांगते, कारण पुढचं सगळं तेलावरच आहे. अंगाला लावायच्या कुठल्याही लोशनमध्ये त्वचा मऊ करणारं एक तेल असतं. गिऱ्हाइकाला वाटतं ते बदामाचं, कारण बाटलीवर बदामाचं चित्र असतं. आमच्याकडं तीन तऱ्हेची तेलं यायची. एक जमिनीतल्या खनिज तेलातून काढलेलं, पाण्यासारखं नितळ, ना वास ना चव. दुसरं खोबऱ्याच्या तेलातले घटक सुटे करून कारखान्यात परत वेगळ्या तऱ्हेनं जोडलेलं. तिसरं सिलिकॉनचं. सिरमला आणि काही मलमांना लागतं ते हे तिसरं. बोटावर घेतलं तर रेशमासारखं, आणि केसांवर अशी चमक की पार्लरवाल्या दुसरं काही मागत नाहीत.

मालकाचा प्रश्न एकच असायचा. "मॅडम, यातलं नैसर्गिक कुठलं आणि सिंथेटिक कुठलं तेवढं सांगा. लेबल छापायचंय."

मी म्हणायचे, साहेब, हा प्रश्नच चुकतोय. ते खोबऱ्याचं जोडलेलं तेल पक्कं सिंथेटिक आहे, पण आपली टाकी ते गुळासारखं खाते. खनिज तेल जमिनीतून आलेलं, म्हटलं तर निसर्गाचंच, पण ते टाकीच्या घशाखाली लवकर उतरत नाही. आणि सिलिकॉनला तर टाकी तोंडच लावत नाही. तेव्हा कुठून आलं हे विचारू नका, कोण खाणार ते विचारा. तरी खोबऱ्याच्याही नावानं मी पूजा घालत नाही. ते तेल पिकवायला कुठं तरी जंगल तोडून झाडं लावलेली असतात, आणि कुठलं जंगल तुटलं त्याचा कागद आपल्यापर्यंत येत नाही.

मालक ऐकून घ्यायचे. माणूस वाईट नाही, आमच्यासारखाच शेतकऱ्याचा. मग म्हणायचे, "टाकीला विचारून लेबल छापता येत नाही हो." आणि बाटलीवर हिरवं पान छापायचे.

मी वाचत असते. युरोपात धुऊन जाणाऱ्या मालात यातल्या काही सिलिकॉन तेलांवर बंधनं घातली आहेत, कारण ती पाण्यात नि गाळात टिकून राहतात. हलकं असेल ते हवेत उडून जातं, जड असेल ते तळाला बसतं, पण मोडता कुणालाच लवकर येत नाही. माणसाला त्यानं काय होतं, हे छातीठोकपणे सांगणारं मला अजून काही सापडलेलं नाही. मीही उगाच घाबरवत नाही. एवढंच म्हणते की जे कुणी खात नाही ते कुठं तरी साठणार. आणि आमच्या टाकीचं पाणी ओढ्याला जातं, अन् ओढ्याच्या खालच्या अंगाला आमच्याच वस्तीची विहीर आहे.

म्हणून सिरमचं एक पथ्य मी बायकांना घालून दिलं होतं. सिरम मोरीत ओतायचं नाही, काही झालं तरी नाही. सिलिकॉनची पिंपं रिकामी झाली की तळाचं चिंधीनं पुसायचं, चिंध्या पोत्यात भरायच्या, झाकण लावून पिंपं ज्याची त्याला परत. बायकांनी हे पथ्य कधी मोडलं नाही. यंदासुद्धा मोडलं नाही, हेच तर दुखणं आहे.

नवरात्राच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातलं एकूण एक धुवायचं. गोधड्या, वाकळा, पांघरुणं, डबे, पाटे, कोनाड्यातलं, माळ्यावरचं, सगळं बाहेर. घट बसायच्या आत घर लख्ख पाहिजे. ज्या बाईनं दसरा काढला नाही तिच्या घरी घट बसला तरी शेजारणी कुजबुजतात. आईचा दसरा म्हणजे तर भिंतीसुद्धा न्हाऊन निघतात.

यंदा दसऱ्याच्या सणानंतर प्रदूषण मंडळाचे साहेब येणार होते. कारखान्याच्या परवान्याची मुदत संपत होती. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ते नमुना घेणार, नमुना पास तर परवाना पुढं चालू, नापास तर कारखाना बंद. मालकानं सगळ्या बायकांना गोळा करून हे सांगितलं आणि म्हणाले, "स्वच्छता ठेवा, साहेब आले की नाक वाकडं करायला नको." बाकीच्या बायका मान हलवून कामाला लागल्या. आईनं मात्र ते मनावर घेतलं. ही कंपनी राहिली तर तिचं कोयत्याशिवायचं आयुष्य राहणार होतं. आणि टाकी लेकीच्या हातात होती.

त्या दिवशी मी नगरला काही काचसामान आणायला गेले होते. दुपार कलल्यावर परत आले तर शेड ओळखू येईना. फरशी चकाकत होती, मिक्सर आरशासारखे. अंगणात सगळी पिंपं ओळीनं उन्हात पालथी घातलेली. बायका पदर खोचून, हातपाय पांढरे पडलेल्या, दमून भिंतीला टेकल्या होत्या. आईच्या चेहऱ्यावर तर असं समाधान की काय सांगू.

"हे काय गं?" मी विचारलं.

"कारखान्याचा दसरा काढला," आई म्हणाली. "घराचा काढतो, मग जो पोटाला घालतो त्याचा नगं काढाया? मालक बी व्हय म्हनले."

मी पिंपांकडं बघत होते. निळी पिंपं. सिलिकॉनची.

"ही पिंपं धुतली?"

"आतून बाहेरून. काय चिकाट हुतं, बाई! थंड पान्याला दादच देईना. मग पानी उकळलं, धुन्याची पावडर टाकली, वरून ब्लिचिंग. तवा कुठं निघालं."

"आई, मी सांगितलं होतं ना…"

"ओतलं न्हाई गं एक थेंब!" आई पटकन म्हणाली. "तू सांगितल्यालं ध्यानात हाय आमच्या. कुनी काय वतलं न्हाई. नुसतं धुतलं."

मावशी म्हणाल्या, "इचार की, ओतलं आसंल तर माझी जीभ झडंल. आमी धुतलंय."

त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या लेखी ओतणं वेगळं आणि धुणं वेगळं. ओतणं म्हणजे नासाडी. धुणं म्हणजे पुण्य. आणि मी नियम ओतण्याचा घातला होता.

नुसत्या पाण्याबरोबर थोडं सिलिकॉन आलं असतं तर खड्ड्यात वर तरंगलं असतं, मी झाऱ्यानं काढलं असतं. पण उकळत्या पाण्यात आणि पावडरीत त्याचं बारीक बारीक होऊन दूध झालं, आणि ते दूध खड्ड्यातून सरळ टाकीत गेलं. मागोमाग ब्लिचिंग गेलं. मी पळत मागं गेले. टाकीवर पांढरा फेस कठड्याच्या वर आला होता, वाऱ्यानं त्याचे गोळे उडून बाभळीला लटकले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळीत पाणी भरलं. चहा प्यायला गेले नाही, तिथंच बसून राहिले. गाळ खाली बसेना. राखाडी झाला होता, चिंध्या-चिंध्या होऊन वर तरंगत होता. टाकीला ओल्या मातीचा वास असायचा, तो गेला होता. नासक्या ताकासारखं काहीतरी यायला लागलं होतं.

आई मागं येऊन उभी राहिली होती. तिनं विचारलं, "मेलं व्हय?"

मी मान हलवली.

"समदं?"

"बहुतेक."

तिनं पदर तोंडाला लावला. मग एकदम म्हणाली, "मग परत घाल की शेन. तवा नव्हतं का घातलं?"

घातलं. नुसतं तिच्यासाठी नाही, माझ्यासाठीही घातलं, कारण दुसरं सुचत नव्हतं. वस्तीवरून शेण आणलं, गूळ आणला, काला करून टाकला. आई सकाळी कामाच्या आधी येऊन बादल्या ढवळायची. घट बसले. आईचे नवरात्राचे उपास होते, त्यात ती कंबर धरून बादल्या उचलायची आणि मी ओरडले की म्हणायची, "उपाशी पोटी हलकं वाटतं." फेस जरा खाली बसला. पण गाळ काही धरेना.

तालुक्याच्या रस्त्याला एक दूध शीतकरण केंद्र आहे, त्यांची सांडपाण्याची टाकी चांगली चालते हे मला माहीत होतं. तिथल्या माणसाच्या हातापाया पडून मी जिवंत गाळाची पिंपं भरून टेम्पोनं आणली. हे करतात तसं, एका टाकीचा गाळ दुसरीला लावतात. टेम्पोवाला नाक धरून म्हणाला, "मॅडम, लोक डेरीतून पेढे आणतात. तुमी हे काय आणलं?" मी म्हटलं, "तुझ्या बायकोच्या केसांच्या चमकीचं औषध." त्याला ते कळलं नाही, पण तो हसला, आणि मलाही कितीतरी दिवसांनी हसू आलं.

तो गाळ टाकला आणि दुसऱ्या दिवशी नळीत खरंच तळाला तपकिरी थर दिसला. मी आईला हाक मारली. आईनं नळीला हात जोडले. त्याच्या पुढच्या दिवशी थर पातळ झाला, मग गाळ पुन्हा वर आला आणि कडेच्या पन्हळीतून पाण्याबरोबर वाहून जायला लागला. तेव्हा मला खरं समजलं. जीव मेले ते ब्लिचिंगनं आणि पावडरीनं. पण नवे जीव बसू देत नव्हतं ते तेल. ते प्रत्येक कणाला वरून पांघरुणासारखं चिकटायचं आणि त्याला तरंगवायचं. शेण टाका, गूळ टाका, डेरीचा गाळ टाका, ते तेल आपल्या जागी. खोबऱ्याचं असतं तर दोन-चार दिवसांत या नव्या गाळानं मटकावलं असतं आणि टाकी उलट जोमानं चालली असती. याच्याकडं कुणी बघायलाही तयार नाही. मी कापडाच्या पट्ट्या टाकून वरचं तेल टिपत बसायचे. टिपावं तेवढं यायचं. हात कोपरापर्यंत मऊ झाले होते माझे, तुळतुळीत. रडायला आलं की त्या हातांनी डोळे पुसता येत नव्हते.

मुकादमाचा फोन आला. आई माझ्या शेजारीच बसली होती, फोन स्पीकरवर होता.

"काय वहिनी, यंदा काय इचार? अण्णा अर्धाच का पुरा?"

आईनं दरवर्षीचं वाक्य म्हटलं नाही. म्हणाली, "कळवते."

"कंपनी बंद पडतीय म्हनं?"

"कोन म्हनलं?"

"आता काय, समद्या गावात हाय. म्हनत्यात पोरीनं जनावरं मारली." आणि तो हसला.

"पोरीनं न्हाई, म्या मारली," आई म्हणाली, आणि फोन ठेवला.

खंडेनवमीला मालकानं मिक्सरला हार घातले, नारळ फोडला. आईनं टाकीच्या कठड्याला हळद-कुंकू लावलं, दिवा ठेवला. बुडबुड्यांचे शिंतोडे उडून तो दिवा विझत होता आणि ती परत लावत होती. मावशींनी त्या दिवशी काहीही चेष्टा केली नाही.

मग मालक माझ्याशी बाजूला बोलले. "मॅडम, साहेब नमुना बाहेरच्या पाईपाशी घेणार. आदल्या दिवशी शेवटच्या टाकीत चांगल्या पाण्याचे टँकर सोडले तर? पाणी पातळ होईल, नमुना निघून जाईल. मग आपण निवांत टाकी सुधारू. तुम्हीच सुधारा."

मी म्हटलं, "आणि ते तेल?"

"ते जाईल की वाहून."

"वाहून कुठं? ओढ्यात. ओढा कुठं? आमच्या विहिरीशी. आणि नमुन्याच्या कागदावर सही माझी असते साहेब, बीएस्सी लिहून."

"तुमची आई पण इथंच कामाला आहे," मालक म्हणाले. धमकी नव्हती त्यात. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "बाकीच्या बायका आहेत. विचार करा."

मी विचार केला. इतका केला की जेवण जाईना. टँकर घालायचं म्हणजे काही अवघड नाही, नळी सोडायची आणि बघत बसायचं. आई वाचेल. आणि मी घरी येऊन विहिरीचं पाणी भरेन. शेवटी मी नाही म्हटलं. मालक म्हणाले, "मग तुमच्या मर्जीनं." टँकर त्यांनी आणला नाही. मीच आडवी गेल्यावर त्यांचीही हिंमत होईना बहुतेक.

साहेब आले. वयानं माझ्यापेक्षा थोडेच मोठे असतील. नमुन्याची बाटली भरताना म्हणाले, "मॅडम, तुमचं शिक्षण काय?"

"बीएस्सी केमिस्ट्री."

"मग हे असं कसं झालं?"

मी सगळं सांगितलं. दसरा, पिंपं, पावडर, ब्लिचिंग. लिहिता लिहिता त्यांनी एकदा वर बघितलं, बहुतेक हसू येत होतं, ते त्यांनी आवरलं. म्हणाले, "तुम्ही लपवलं नाहीत ते बरं केलंत. पण पाणी असं सोडता येणार नाही. टाकी नीट होऊन पुढचा नमुना पास होईपर्यंत उत्पादन बंद ठेवा." आणि बाहेर जाणारा पाईप बंद करून गेले.

त्या दुपारी मालकानं बायकांना घरी जायला सांगितलं. पुन्हा सुरू झालं की बोलावतो म्हणाले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम तेवढ्या राहतील. टाकीला माणूस पाहिजे."

हे मला आधी का सुचलं नव्हतं कुणास ठाऊक. टाकी मेली, म्हणून सगळ्यांचं काम गेलं, आणि टाकी मेली म्हणूनच माझं राहिलं. बायका माझ्याकडं न बघता पिशव्या उचलून निघाल्या. मावशी तेवढ्या थांबल्या. म्हणाल्या, "येक टँकर सोडला असता तर काय गेलं असतं गं तुझं?" शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

घरी अण्णा बाजेवर बसले होते. आईनं आल्या आल्या माळ्यावरून कोयता काढला आणि दगडावर पाणी टाकून घासायला बसली. अण्णा म्हणाले, "हिला मी न्हेत न्हाई. कंबर मोडंल हिची."

"तुमी कोन न्हेनार?" आई मान वर न करता म्हणाली. "माझी मी येते."

"आई, माझ्या पगारात भागेल," मी म्हटलं.

"टाकी न्हाई जगली तर? मग कुठला तुझा पगार?" कोयत्याची धार तिनं अंगठ्यावर बघितली. "तू टँकर सोडू दिला न्हाईस, ते बरुबर का चूक मला न्हाई कळत. तू शिकल्याली हाईस, तुला कळत आसंल. मला कोयता कळतो."

"चुकलं असं म्हणायचंय का तुला?"

"न्हाई म्हनत. त्याच हिरीचं पानी मी बी पिती." तिनं दगडावर आणखी पाणी टाकलं. मग म्हणाली, "पर मला जावं लागंल, हे बी खरं हाय का न्हाई? तुझं बी खरं, माझं बी खरं. आता उगं तोंड पाडून बसू नगं, पीठ मळ."

टोळी निघाली त्या सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या वस्तीवर आल्या. चुली, पत्रे, गोधड्या, एक शेळी, वरती माणसं. ज्या गोधड्या आईनं दसऱ्याला धुतल्या होत्या त्यांचंच गाठोडं तिनं ट्रॉलीत टाकलं आणि वर चढताना अण्णांचा हात धरला. कमरेला एक झटका आला असणार, चेहऱ्यावर दिसलं. मी धरायला पुढं झाले तर म्हणाली, "जा तू, तुझी टाकी उघडी हाय." ट्रॉली हलल्यावर मुकादम मोटरसायकलवरून ओरडला, "पुरा कोयता हाय यंदा!" आणि ट्रॉलीतल्या कुणीतरी त्याला शिवी हासडली. आई होती की काय कळलं नाही.

ते आता राहुरीच्या अलीकडं आहेत, उसात. इथं शेड बंद आहे. मी रोज येते. ब्लोअर चालू ठेवते, तेल टिपते, गाळ घालते. ते तेल असलेलं वरचं पाणी मी पंपानं उपसून वेगळ्या पिंपांत भरून ठेवलंय. ती पिंपं कुठं द्यायची, कुणी घ्यायची, याचं उत्तर अजून कुणाकडं नाही. नळीत कधी तपकिरी थर दिसतो, कधी दिसत नाही. पुढचा नमुना केव्हा द्यायचा ते मला ठरवायचंय आणि माझ्यानं ठरवत नाही. मालक दोनदा विचारून गेले.

परवा आईचा फोन आला. आवाज बसलेला, मागं उसाच्या पाचटाची सळसळ.

"हात पार उललं गं," ती म्हणाली. "बाटल्या भरून भरून मऊ पडलं हुतं ना. पाल्यानं कापून कापून चिरा पडल्यात. रात्री मूठ मिटत न्हाई. एक मलम धाड कुनासंगं."

"धाडते. कुठलं धाडू?"

"खोबऱ्याचं नगं. ते पाल्यालाच पुसून जातं, दोन मोळ्या बांधल्या की हात कोरडं. ते दुसरं दे. धुतलं तरी निघत न्हाई ते."

तिला सगळं माहीत होतं आणि तरी ती मागत होती. खरंही होतं तिचं. फाटलेल्या हातावर सिलिकॉनइतकं टिकून राहणारं आमच्याकडं दुसरं काही नाही. जे टाकीत कुणी खात नाही, ते उसाच्या पाल्यालाही पुसून काढता येत नाही.

"हात कुठं धुतीस तिथं?" मी विचारलं.

"पाटाच्या पान्यात. आनि कुठं धुनार?" ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "का गं?"

"काही नाही."

शेडचं कुलूप उघडून आत गेले. बंद शेडमध्ये मलमाच्या डब्या रचलेल्या होत्या, पॅकिंग करून तशाच राहिलेल्या. खोबऱ्याच्या एका बाजूला, सिलिकॉनच्या एका बाजूला. सगळ्यांवर तेच हिरवं पान. मी दोन्हीकडची एकेक डबी हातात घेऊन बघितली. मग सिलिकॉनच्या दोन डब्या घेतल्या, कागदात गुंडाळल्या आणि मिरजगावच्या स्टँडवर जाऊन सोलापूरहून येणाऱ्या शिर्डी गाडीच्या कंडक्टरकडं दिल्या. राहुरीला अण्णा घ्यायला येतील म्हणून सांगितलं.

त्यानं विचारलं, "आत काय आहे?"

"आईसाठी मलम आहे," मी म्हटलं.

गाडी गेली. मी ब्लोअर बघायला परत आले.